घरात पिसवा झाल्यात? नुसतं कुत्रं धुऊन भागत नाही. खरी पैदास जमिनीत असते

पावसाळा सुरू झाला की पार दिवाळीपर्यंत गावोगाव एक तक्रार हमखास ऐकू येते. संध्याकाळी ओसरीवर बसलं की पायाला काहीतरी चावतं, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल पुटकुळ्या उठतात, लेकरं रात्रभर खाजवतात. कुत्रं सारखं कंबरेला दात लावून खाजवत बसतं. शेळीची करडं सुकत जातात. मग घरचे लोक कृषी सेवा केंद्रातून एखादं औषध आणतात, कुत्र्याला चोळतात, गोठ्यात फवारतात. दोन दिवस बरं वाटतं आणि पंधरा दिवसांत पिसवा पुन्हा हजर. 'औषधच बोगस निघालं' म्हणून आणखी जहाल औषध आणलं जातं आणि इथूनच खरा धोका सुरू होतो.

औषध बोगस असतंच असं नाही. अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पैदाशीचा अगदी थोडा भाग, साधारण शंभरात पाच. बाकीच्या पंच्याण्णव अंडी, अळी आणि कोष या रूपात जमिनीच्या भेगांत, गोधडीत, पोत्यांखाली, डालग्याखाली पडून असतात. त्यांच्याकडे कोणी बघतच नाही.

पिसू वाढते कशी

कुत्र्या-मांजरावर आणि आपल्याकडे शेळ्यांवरही जी पिसू सापडते ती बहुतेक वेळा एकाच जातीची, म्हणजे 'मांजराची पिसू' असते. नाव मांजराचं असलं तरी कुत्रं, शेळी, वासरू तिला सगळं चालतं. माणसाला ती चावते, पण माणसाच्या अंगावर राहत नाही. त्यामुळे उवांसारखं डोकं तपासत बसायची गरज नाही.

मादी रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते आणि ऐन भरात दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. अंडी गुळगुळीत असतात, केसाला चिकटून राहत नाहीत. कुत्रं उठून अंग झाडतं तेव्हा ती मिठासारखी खाली सांडतात. म्हणजे जनावर जिथं झोपतं तिथं सगळ्यात जास्त अंडी. त्यातून दोन ते दहा दिवसांत बारीक पांढरट अळी निघते. ती रक्त पीत नाही. मोठ्या पिसवांची वाळलेल्या रक्ताची विष्ठा आणि धुळीतला कचरा खाऊन जगते. तिला उजेड सोसत नाही, म्हणून ती भेगेत, खाटेच्या पायाखाली, कडब्याच्या बुडात शिरते. उन्हात आणि कोरड्या जागी ती मरते, ओलसर सावलीत फोफावते. पावसाळ्यात पिसवा का वाढतात त्याचं उत्तर यातच आहे.

एक-दोन आठवड्यांनी अळी स्वतःभोवती चिकट कोष विणते. त्यावर माती, धूळ चिकटते आणि तो मातीच्या कणासारखाच दिसू लागतो. हाच टप्पा सगळ्यात चिवट. फवारणीचं औषध कोषात शिरत नाही. आतली पिसू तयार होऊनही बाहेर यायची घाई करत नाही. जमीन हादरली, ऊब लागली, माणसाचा किंवा जनावराचा श्वास जाणवला की एकदम बाहेर येते आणि उडी मारते. बरं हवामान मिळालं तर ती अशी पाच महिन्यांपर्यंत वाट बघू शकते.

बंद घर उघडलं की पिसवांचा पाऊस का पडतो

आपल्या बीड जिल्ह्यात याला एक वेगळाच अर्थ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. पावसाळ्याचा शेवट म्हणजे पिसवांची पैदास भरात असण्याचा काळ, आणि त्याच वेळी घराला कुलूप लागतं. आत माळवदाच्या घराची थंड, अंधारी जमीन, कोपऱ्यात रचलेली पोती, वाकळांचं बोचकं. कोष तसेच पडून राहतात. मार्च-एप्रिलमध्ये टोळी परत येते, दार उघडतं, सामान आदळतं, लेकरं पळतात आणि त्या हादऱ्यानं चार-पाच महिन्यांच्या साठलेल्या पिसवा एकाच वेळी बाहेर पडतात. त्या उपाशी असतात, घरात कुत्रं-मांजर नसतं, म्हणून सगळ्या माणसांच्या पायावर तुटून पडतात. 'सहा महिने घरात जनावर नाही, मग पिसवा आल्या कुठून?' हा प्रश्न दरवर्षी पडतो. त्या बाहेरून आलेल्या नसतात, निघताना घरातच ठेवून गेलेल्या असतात.

म्हणून गावी परतल्यावर पहिल्याच रात्री लेकरांना घेऊन आत झोपू नये. सगळं बोचकं बाहेर काढून उन्हात टाकावं, घर झाडून घ्यावं, फवारणी करून वाळू द्यावी आणि मगच अंथरूण आत न्यावं. एप्रिलचं ऊन हे फुकटचं औषध आहे, त्याचा पुरेपूर वापर करावा. शक्य असेल तर निघतानाही घर स्वच्छ झाडून, शेळी-कुत्र्याच्या जागेवरचा कचरा पेटवून मगच कुलूप लावावं.

पिसवा आहेत की दुसरं काही

गोचीड, ढेकूण, उवा आणि पिसवा यांत गल्लत होते, आणि औषध चुकतं. गोचीड एका जागी चिकटून बसतो आणि रक्त पिऊन टंब फुगतो. पिसू तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी, केसांतून सरसर पळणारी आणि उडी मारणारी. ढेकूण खाटेत, भिंतीच्या फटीत असतो आणि अंगभर चावतो. पिसू जमिनीवरून उडते म्हणून बहुतेक चावे गुडघ्याखालीच असतात.

खात्री करायची सोपी रीत आहे. कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी किंवा पोटाखाली बारीक दातांची फणी फिरवायची आणि निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाकायची. भुकटीभोवती लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. माती असेल तर डाग लाल होत नाही. गोठ्यातल्या पिसवा बघायच्या असतील तर पांढरे पायमोजे घालून पाच मिनिटं उभं राहावं, जेवढ्या असतील तेवढ्या मोज्यावर काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतील.

दुर्लक्ष केलं तर काय होतं

मोठ्या कुत्र्याला पिसवांनी फारसं बिघडत नाही. खाज, केस गळणं, कधी चाव्याची अ‍ॅलर्जी होऊन कंबरेची कातडी उघडी पडणं, एवढंच. खरा फटका बसतो तो लहान जिवांना. पंधरा-वीस दिवसांचं करडू किंवा कुत्र्याचं पिल्लू यांच्या अंगात रक्तच किती असतं? शेकडो पिसवा रोज पीत राहिल्या तर ते पांढरं पडत जातं. करडाची खालची पापणी हळूच उलटून बघावी. आतला रंग गुलाबी-लाल हवा. पांढुरका दिसला आणि करडू दूध ओढत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. करडू मेलं की 'हगवणीनं गेलं', 'थंडीनं गेलं' असं म्हणून सोडून देतात, पण डालगं उचलून खालची माती कोणी बघत नाही. रात्रभर करडं झाकून ठेवायची ती अंधारी, उबदार, मुताने ओलसर जागा हे पिसवांचं आवडतं घर आहे.

दुसरी गोष्ट जंताची. कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा बसायच्या जागी तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात, ते पट्टकृमीचे. हा जंत पिसवांमार्फत पसरतो. खाजवताना कुत्रं पिसू गिळतं आणि तिच्यातली अळी आतड्यात वाढते. कुत्र्याशी खेळणाऱ्या लहान मुलाच्या तोंडात पिसू गेली तर त्यालाही तो होऊ शकतो. पिसवा काढल्या पण जंताचं औषध दिलं नाही तर काम अर्धंच होतं, आणि जंताचं औषध दिलं पण पिसवा राहिल्या तर जंत पुन्हा होतात.

आणि मग प्लेगची भीती. जिल्ह्यातली जुनी माणसं पिसवा म्हटलं की 1994 ची आठवण काढतात. सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरच्या वर्षी, ऑगस्टमध्ये, मामला गावात पिसवांचा सुळसुळाट झाल्याची तक्रार झाली आणि पाठोपाठ गाठीच्या प्लेगच्या बातमीनं देश हादरला. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आला. पण प्लेग पसरवते ती मुख्यतः उंदराची पिसू. कुत्र्याच्या अंगावर चार पिसवा दिसल्या म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. लक्ष ठेवायचं ते उंदरांवर. विष न घालता घरात, शेतात, धान्याच्या कोठीत उंदीर पटापट मरायला लागले आणि त्याच वेळी पिसवा वाढल्या तर मेलेल्या उंदराला हात न लावता लगेच आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं. घरात पिसवा फार झालेल्या असताना आधी उंदरांना विष घालणं हीही मोठी चूक. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा दुसरं रक्त शोधत माणसाकडे येतात. आधी पिसवा, मग उंदीर, हा क्रम पाळावा.

शेतातलं औषध जनावराला लावू नये

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, म्हणून थोडं सविस्तर. कपाशीवरचं उरलेलं कीटकनाशक पाण्यात घालून कुत्र्याला आंघोळ घालणं, गोठ्यात थिमेट टाकणं, जुनी पांढरी पावडर अंगाला चोळणं हे प्रकार अजून चालतात. थिमेट म्हणजे फोरेट आणि नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस या दोन्हींवर सरकारनं 2020 अखेरपासून बंदी घातलेली आहे, कार्बारिल पावडर 2018 मध्येच बंद झाली आणि बीएचसी पावडर तर त्याच्याही कितीतरी आधी. माळ्यावर जुना डबा सापडला तरी तो वापरायचा नाही. फिप्रोनिलसारखं नाव शेतीच्या बाटलीवरही असतं आणि कुत्र्याच्या औषधावरही, पण दोन्हींचं प्रमाण आणि त्यात मिसळलेली द्रव्यं वेगळी असतात. नाव एक आहे म्हणून शेतातली बाटली चालते असं नाही. जनावर अंग चाटतं, शेळीचं दूध लेकरं पितात, कुत्र्याच्या अंगावर हात फिरवून तोच हात मूल तोंडात घालतं.

तणनाशक मारलेला पंप तर गोठ्यात अजिबात नेऊ नये. जनावरांसाठी वेगळा छोटा पंप ठेवावा, पाचशे रुपये वाचवायला जाऊन दहा हजारांची शेळी जायला नको.

औषध लागून जनावराच्या तोंडाला लाळ सुटली, अंग थरथरायला लागलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या किंवा तोल जाऊ लागला तर प्रथम साबण आणि भरपूर पाण्यानं अंग धुवावं. दूध, तूप, तेल पाजू नये. औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जावं किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागावी. हेच माणसाला झालं तर 108.

अंगावरच्या पिसवांसाठी काय वापरावं

कुत्र्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे फिप्रोनिलचे मानेवर टाकायचे थेंब. दोन खांद्यांच्या मध्ये, जिथं त्याची जीभ पोहोचत नाही तिथं केस बाजूला करून कातडीवर सोडायचे. नळी वजनाप्रमाणे येते, त्यामुळे आधी कुत्र्याचं वजन करावं. त्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. थेंब टाकायच्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. असर साधारण महिनाभर राहतो. पिसवांच्या चघळायच्या गोळ्याही आल्या आहेत, काही महिनाभर तर काही तीन महिने पुरतात. त्या महाग आहेत, पण खेड्यातलं कुत्रं रोज ओढ्यात, चिखलात लोळून येतं आणि थेंब धुऊन जातात, अशा वेळी गोळीच परवडते. डॉक्टरला विचारूनच द्यावी.

नुसत्या शाम्पूनं किंवा साबणानं त्या वेळी अंगावर असलेल्या पिसवा मरतात, पण असर टिकत नाही. फेस पाच-दहा मिनिटं अंगावर ठेवावा आणि सुरुवात मानेपासून करावी, नाहीतर पिसवा पाण्यापासून पळून तोंडाकडे, कानाकडे जमतात. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला मात्र औषधाच्या भानगडीत न पडता कोमट पाणी, सौम्य साबण आणि फणी एवढंच. फणीतली पिसू नखानं चिरडू नये, साबणाच्या पाण्यात बुडवावी.

मांजराचं प्रकरण वेगळं आहे. कुत्र्याचं औषध मांजराला लावणं म्हणजे तिला विष देणं ठरू शकतं. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही औषधं मांजराच्या शरीरात नीट मोडली जात नाहीत. ती अंग चाटते, झटके येतात आणि मरते. गोचिडावरचं अमित्राझही तिला नको. 'मांजरासाठी' असं स्पष्ट लिहिलेलेच थेंब वापरावेत. कुत्र्याला गोचिडाच्या औषधानं धुतलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजर जवळ येऊ देऊ नये. डांबरगोळ्या, कापराचं तेल हेही मांजरापासून लांबच बरं.

शेळ्यांसाठी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारखी जनावरांची औषधं पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं आणि लेबलवरच्या मापानं वापरावीत. बाटलीच्या झाकणानं अंदाजे ओतायची सवय सोडून सिरिंजनं मोजावं. सकाळी ऊन असताना लावावं म्हणजे अंग लवकर वाळतं. दूध आणि मांसासाठी किती दिवस थांबायचं ते लेबलवर असतं, तेवढे दिवस ते दूध लेकरांना देऊ नये. बरेच जण 'एक इंजेक्शन मारा, सगळं जाईल' म्हणतात. आयव्हरमेक्टिनचं ते इंजेक्शन खरजेला, जंतांना उपयोगी आहे, पिसवांसाठी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

घर आणि गोठा

अंगावरचं औषध आणि जमिनीची सफाई एकाच दिवशी व्हायला हवी. कुत्र्याला सोमवारी आणि घराला पुढच्या रविवारी, असं केलं की पिसवा इकडून तिकडे जागा बदलतात. ज्या दिवशी करायचं त्या दिवशी सकाळीच सगळ्या गोधड्या, पोती, कुत्र्याचं बारदान बाहेर काढावं. धुता येईल ते कडक पाण्यात धुवावं, वाकळ दोन-तीन दिवस दोन्ही बाजूंनी उन्हात तापवावी. कुत्र्याचं जुनं बारदान धुण्यापेक्षा जाळून टाकलेलं बरं.

मग झाडणं. खाटेखाली, उतरंडीमागे, उंबऱ्याच्या फटीत, दावणीखाली, डालग्याखाली खराट्यानं खरवडून झाडावं. वरची दोन बोटं माती भुसभुशीत असेल तर काढून टाकावी. हा केर दाराजवळच्या उकिरड्यावर टाकला की चार दिवसांत पिसवा परत घरात. तो लांब नेऊन जाळावा. ज्यांची फरशी आहे त्यांचं काम सोपं. सांधे घासून साबणाच्या पाण्यानं पुसून घेतलं तरी बराच फरक पडतो.

फवारणीसाठी घरात वापरायला परवानगी असलेलंच औषध घ्यावं. अळीची वाढ रोखणारं पायरिप्रॉक्सिफेन त्यात असेल तर उत्तम, पण तालुक्याच्या दुकानात ते सहज मिळत नाही. फवारताना पाण्याचे हंडे, पीठ, चूल झाकून ठेवावी, लेकरं, जनावरं आणि कोंबड्या बाहेर ठेवाव्यात आणि जमीन वाळेपर्यंत कोणी आत जाऊ नये. मातीच्या घरात बायका फवारणीनंतर लगेच जमीन सारवून घेतात, त्यामुळे औषध शेणाखाली झाकलं जातं. हिवतापाच्या फवारणीनंतर भिंती सारवू नका असं कर्मचारी सांगतात त्याचं कारणही हेच. भेगा बुजवायच्याच असतात, पण फवारणीच्या आधी बुजवून वाळू द्याव्यात. आणि सारवायचंच असेल तर दुसरी फवारणी होऊन काही आठवडे गेल्यावर.

दुसरी फवारणी कधीच चुकवू नये. पहिल्या फवारणीतून कोष वाचलेले असतात, त्यातून पुढचे दोन-तीन आठवडे नव्या पिसवा निघत राहतात. पंधरा दिवसांनी पिसवा दिसल्या म्हणजे औषध फसलं असं नव्हे. उलट घर बंद न ठेवता नेहमीसारखं राहावं, चालावं, रोज झाडावं; हादऱ्यानं कोष लवकर फुटतात आणि निघालेली पिसू औषधावर पडते.

कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला की पिसवा थोडा वेळ पळतात, अंडी आणि कोष तसेच राहतात. चुना शिंपडल्यानं गोठ्यातली ओल कमी होते, तो फायदा आहे, पण चुना हे पिसू मारायचं औषध नाही आणि कळीचा चुना करडांच्या खुरांना, सडांना भाजतो. रॉकेल शिंपडणं तर सरळ आगीला आमंत्रण. कुत्र्याला लसूण खाऊ घालायचा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्या-मांजराच्या रक्ताला बाधतात.

एक घरगुती उपाय मात्र खरोखर कामाचा आहे. रात्री पसरट परातीत पाणी आणि कपड्याच्या साबणाचा फेस करून ती जमिनीवर ठेवायची आणि वर हातभर उंचीवर छोटा बल्ब लावायचा. उजेडाला आणि उबेला पिसवा उड्या मारतात आणि साबणाच्या पाण्यात बुडतात. तेलाचा दिवा ठेवणार असाल तर परातीच्या मधोमध, कडबा आणि गोधड्यांपासून लांब, आणि कोणी जागं असेपर्यंतच. परातीनं सगळ्या पिसवा संपत नाहीत, पण किती उरल्या ते नेमकं कळतं. पहिल्या रात्री पन्नास, दहाव्या रात्री पंधरा, महिन्यानं एखाद-दुसरी, असा उतार दिसला तर काम बरोबर चाललंय. आकडा हलतच नसेल तर कुठली तरी जागा राहिली आहे. बहुतेक वेळा ती शेजारच्या पडक्या खोलीत, जळणाच्या ढिगाखाली किंवा गल्लीतली मोकाट कुत्री जिथं दुपारी झोपतात तिथं सापडते.